नाशिकचा होम्स आणि ‘गुप्तहेर’ या शब्दाची अडचण

शेरलॉक होम्सच्या वळणाची रहस्यकादंबरी जुन्या नाशिकात घडवायची म्हटली की पहिलं बोट पडतं ते १८९१ ते १८९४ या काळावर. धबधब्यात ‘मेलेला’ होम्स परतला तेव्हा मधली दोन वर्षं तिबेटात काढली, असं त्यानेच सांगितलं होतं. या फटीतून जगभरच्या लेखकांनी त्याला हवं तिकडे फिरवून आणलंय. नाशिकला तेव्हा स्टेशनवरून गावात येणारी घोड्यांची ट्राम होती, म्हणजे पहिलं प्रकरण तयारच. पण नाशिकचं खरं कथानक सापडतं १९०९ मध्ये.

२१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या कुणी झाडल्या, हे कोडं कधीच नव्हतं. हल्लेखोर, क्रांतिकारक अनंत कान्हेरे, जागेवरच पकडला गेला. कोडं होतं ते पिस्तुलाचं. वीस ब्राउनिंग पिस्तुलं लंडनहून एका स्वयंपाक्याच्या सामानातून मुंबईत उतरली होती. १९ एप्रिल १९१० रोजी तिघांना ठाण्याला फाशी झाली, मग अडतीस आरोपींचा कटाचा खटला चालला. (पोलिसांची प्रशिक्षण शाळा पुण्याहून नाशिकला आली तीही १९०९ मध्येच. कादंबरीकाराने हा योगायोग स्वतः रचला असता तर कुणी खपवून घेतला नसता.)

इथे शब्द आडवा येतो. मराठीने ‘डिटेक्टिव्ह’ला सरसकट ‘गुप्तहेर’ केलं. वास्तविक हेर हा राजाचा माणूस. वेश पालटून परमुलखात फिरायचं आणि बातमी आणायची, हे त्याचं काम. होम्स कुणाचाच चाकर नाही; अडलं की पोलिसच त्याचा जिना चढतात. त्यात १९०२-०३ च्या पोलिस आयोगाने प्रांतोप्रांती सीआयडी खातं काढण्याची शिफारस केली, ती अमलात आली आणि गुपचूप पाळत ठेवणारा सरकारी माणूस हा गल्लीबोळातला अनुभव झाला. १९१० च्या नाशिकात ‘गुप्तहेर आलाय’ म्हटलं असतं तर वाड्यांची दारं लागली असती. खबऱ्या, फितूर, माफीचा साक्षीदार हे सगळे याच गोतावळ्यातले शब्द. म्हणजे नायकाने पिस्तुलांचा माग अचूक काढला, तर वाचकाच्या लेखी तो हुशार ठरेल की घरभेदी? चोरीला गेलेली मूर्ती किंवा पेशवाईतला खजिना त्याच्यापुढे टाकून १९०९ नुसतं पडद्यामागे ठेवणं, ही मला पळवाट वाटते.

बंगालीत १९३० च्या दशकातच एका गाजलेल्या नायकाने ‘डिटेक्टिव्ह’ ही बिरुदावली झटकून स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवून घेतलं. आपल्याकडे ‘शोधक’ फारच शाळकरी वाटतं, ‘अन्वेषक’ कागदी. फिरत्या वाचनालयांच्या जमान्यात रहस्यकथांचा पूर आला, त्यातही ‘गुप्तहेर’ तसाच वाहत राहिला.

हक्कांची कटकट आता उरलेली नाही. अमेरिकेतही शेवटच्या होम्सकथा जानेवारी २०२३ पासून मोकळ्या झाल्या, तेव्हा नाव बदलून ‘होम्ससारखा कुणी’ उभा करण्याचीही सक्ती नाही. खुद्द होम्स मात्र एकदा खराखुरा हेर झाला होता. १९१७ साली छापलेल्या एका कथेत तो खोट्या नावाने जर्मन हस्तकाच्या गोटात शिरतो, तेही आपल्या सरकारच्या सांगण्यावरून. त्या कथेपुरता आपला शब्द अगदी बरोबर आहे.