काका की ताता? पतंगी कागद, आरसा आणि चिंचोके

संक्रांतीच्या आसपास नाशिकमध्ये पतंगी कागद हवा तितका मिळतो. त्याची दोन बोटं रुंद पट्टी कापा, ओठांसमोर लोंबती धरा आणि ‘पळ’ म्हणा. मग ‘फळ’. पहिल्या वेळी पट्टी जेमतेम हलते, दुसऱ्या वेळी उडते. प आणि फ म्हणताना ओठ सारखेच मिटतात आणि उघडतात. फरक असतो तो मागोमाग सुटणाऱ्या हवेच्या झोताचा. उच्चार शिकताना ज्या मुलाला तो कानांनी पकडता येत नाही, त्याला आता तो डोळ्यांनी दिसतो. मात्र आधी स्वतःचा फ तपासा. शहरात बरेच जण खालच्या ओठावर दात टेकवून ‘फळ’ म्हणतात. मग पट्टी झटक्यात उडत नाही, नुसती फडफडत राहते.

स्पीच थेरपीच्या, म्हणजे उच्चार आणि भाषा सुधारण्याच्या उपचारांच्या, साहित्याची माझी कसोटी हीच: तोंडात काय घडतंय ते मुलाला कळतं का? किंमत, रंग, बॅटरी हे सगळं नंतर.

आरसा त्या कसोटीवर निम्मा उतरतो. आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने लावलेली आहे. तिच्या शेवटच्या टोकाचे प, ब, म आरशात स्वच्छ दिसतात. नाकाखाली आरसा धरून ओठ मिटून ‘म्‌म्‌म्‌’ केलं की काचेवर वाफ धरते. पण क-वर्ग आरशात दिसतच नाही. कित्येक मुलं काकाला ‘ताता’ आणि गाडीला ‘दाडी’ म्हणतात, त्याचं एक कारण हे असू शकतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलात ते गोड वाटतं आणि वावगंही नसतं; चौथं वर्ष उलटलं तरी टिकलं, तर मात्र दाखवून घ्यावं. तिथे आइसक्रीमची स्वच्छ काडी कामाला येते. थेरपिस्ट तिने जिभेचं टोक हलकेच खाली दाबून धरतात आणि मुलाला ‘ता’ म्हणायला सांगतात. टोकाला वर जाता येत नाही, मग जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि ‘का’ बाहेर पडतो! हे आधी तज्ज्ञाकडून शिकून घ्यावं, काडी घशाकडे ढकलू नये.

एकदा जमलेला ‘का’ पुढच्या मिनिटाला पुन्हा ‘ता’ होतो, कारण जिभेची जुनी सवय मोडायला भरपूर आवर्तनं लागतात. इथे चिंचोके. प्रत्येक ‘का’ला एक चिंचोका डब्यात, मूल कुरकुर न करता पन्नाशी गाठतं, आणि पहिलीच्या वर्गात त्याच चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून गणितही उरकतं. तीन वर्षांखालच्यांच्या हाती ते देऊ नयेत. नाकात जातात, घशात अडकतात.

मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर जोड्या काढा: काप–ताप, कार–तार, काळ–काल, वेळ–वेल. मुलाला बटाट्याचे काप हवे असताना ‘ताप’ म्हटल्यावर थर्मामीटरचं चित्र हाती आलं, की बदललेल्या एका आवाजाने काय होतं ते त्याला लगेच कळतं.

शिट्ट्या, पिपाण्या, साबणाचे फुगे यांवर मात्र पालक उगाच पैसे घालतात. फुंकर मारणं आणि बोलणं यांत ओठ-जीभ तेच असले तरी मेंदू त्यांना वेगळ्या रीतीने चालवतो. अशा न बोलता करायच्या तोंडाच्या व्यायामांनी मुलांचे उच्चार सुधारतात असं म्हणण्याइतका पुरावा 2015च्या कॉक्रेन आढाव्यालाही (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालालाही) सापडला नाही. फुगे खेळायला ठेवा.

भाषेसाठी माझं मत भातुकलीला. मोठा तवा, मोठी कढई, मोठं पातेलं: मराठीची तिन्ही लिंगं एका चुलीवर. ‘छोटी वाटी डब्यात ठेव’, ‘आता डब्याखाली’, ‘आता झाकणावर’ यातून शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय आपोआप घोटले जातात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या, त्या परिसरातले खडे, बिया, पानं हेच साहित्य मानून.

या सगळ्याआधी कानांची तपासणी हवी. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर मुलाला आवाज दबके ऐकू येतात, आणि जे नीट ऐकूच येत नाही ते पट्टी कितीही उडवली तरी पक्कं होत नाही. वर्गात सारखं ‘काय?’ विचारणारं किंवा टीव्हीचा आवाज वाढवत राहणारं मूल असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), मग चिंचोके.