ऑपेरा आणि गुरगुर: आधी कोण?

मेटल संगीतात सोप्रानोचा (सर्वांत उंच स्त्रीस्वराचा) चढा सूर आणि पुरुषाचा गुरगुरता आवाज ही जोडी फिनलंडच्या नाइटविश बँडने शोधली, असं बरेच जण ठामपणे सांगतात. ते खरं नाही. नाइटविशचा पहिला अल्बम १९९७ चा. इंग्लंडच्या पॅराडाइज लॉस्टने १९९१ मध्येच 'गॉथिक' अल्बममध्ये गुरगुरीशेजारी स्त्रीस्वर ठेवला होता. नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीने १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये या दोन आवाजांचा सरळ संवादच केला. त्यांची गायिका लिव क्रिस्टीनचा आवाज मात्र ऑपेराचा नव्हे, हळुवार. शिवाय नाइटविशमध्ये गुरगुर क्वचितच! पण त्यांची गायिका तार्याचं पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं लोकांच्या कानात बसलं, श्रेयही तिथेच चिकटलं. दोन्ही टोकं हवी असतील तर नेदरलँड्सच्या एपिकाचा २००३ चा 'द फँटम अॅगनी' लावा: गायिका सिमोनचा मेझो-सोप्रानो (सोप्रानोहून जरा खालचा स्त्रीस्वर), मार्क यान्सनची गुरगुर.