आयआरए (अमेरिका): भरणा आणि पात्रता

आयआरए (इंडिव्हिज्युअल रिटायरमेंट अकाउंट किंवा अरेंजमेंट) म्हणजे अमेरिकेत कमावत्या माणसाने कंपनीवर अवलंबून न राहता स्वतःच्या नावावर उघडलेलं निवृत्तीचं खातं. ते बँकेत किंवा ब्रोकरेजकडे उघडता येतं. मुख्य प्रकार दोन, ट्रॅडिशनल आणि रॉथ. ट्रॅडिशनलमध्ये भरताना करात वजावट मिळू शकते आणि काढताना कर लागतो, रॉथमध्ये कर आधीच भरलेला असतो आणि नियम पाळून काढलं तर पुढे लागत नाही. लहान धंद्यांसाठीचे सेप आणि सिंपल हे प्रकार वेगळ्या नियमांनी चालतात, ते इथे घेतलेले नाहीत.

नावातला शेवटचा 'ए' नक्की कशाचा ह्यावर एकमत नाही. कर कायद्याच्या कलम ४०८ मध्ये 'अकाउंट' शब्द आहे, तर आयआरएस (अमेरिकेची कर वसूल करणारी यंत्रणा) आपल्या ५९०-ए ह्या पुस्तिकेत 'अरेंजमेंट' म्हणते. कलमात खात्यासोबत विमा कंपनीची ॲन्युइटीही (ठरावीक काळाने पैसे देणारी योजना) बसवलेली आहे, म्हणून दोन्हींना सामावणारा 'अरेंजमेंट' जास्त नेमका वाटतो. पण बोलताना सगळे अकाउंटच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही.

उगमाबद्दलही दोन मतं आहेत. २ सप्टेंबर १९७४ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी एरिसा ह्या पेन्शनविषयक कायद्यावर सही केली आणि त्यातून आयआरए आलं, इथपर्यंत वाद नाही. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा स्टुडबेकर मोटार कारखाना बंद पडला, हजारो कामगारांना ठरलेल्या पेन्शनचा अगदी थोडा हिस्सा हातात पडला आणि त्यातूनच हे सगळं सुरू झालं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पेन्शन फंडाच्या सुरक्षेच्या कलमांना ते लागू पडतं, पण आयआरएचं मूळ त्यापेक्षा १९६२ च्या किओ कायद्यात शोधावं हे जास्त पटतं, कारण स्वतःचा धंदा असणाऱ्याला करसवलतीत पैसे बाजूला ठेवायची सोय आधी तिथे झाली, आणि डिसेंबर १९७१ मध्ये निक्सन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ती पेन्शन नसलेल्या नोकरदारालाही द्या, वर्षाला १,५०० डॉलरपर्यंत, असं सुचवलं होतं. १९७४ च्या कायद्यातही कमाल आकडा तोच १,५०० आला (किंवा कमाईच्या १५ टक्के, जे कमी असेल ते).

तेव्हा हे खातं फक्त कंपनीची निवृत्ती योजना नसलेल्यांसाठी होतं. १९८१ च्या कायद्याने ते सगळ्या कमावत्यांना खुलं केलं आणि मर्यादा २,००० झाली, मग १९८६ ला उलटा फिरवा आला: कंपनीची योजना असेल आणि उत्पन्न जास्त असेल तर वजावट बंद, पैसे मात्र भरता येतात. तेव्हापासून 'भरू शकतो का' आणि 'वजावट मिळते का' हे दोन वेगळे प्रश्न झाले, आणि आजही लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ ह्याच जागी होतो. रॉथ १९९७ च्या कायद्याने आलं, डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने, भरणा १९९८ पासून. पुढे मर्यादा वाढत २००८ ला ५,०००, २०१९ ला ६,०००, २०२४ आणि २०२५ साठी ७,००० झाली. ५० वर्षं पूर्ण झालेल्यांना ह्या दोन वर्षांसाठी ह्यावर १,००० जास्त होते. ही मर्यादा माणशी आहे, खात्यामागे नाही. म्हणजे २०२५ साठी ट्रॅडिशनल आणि रॉथ मिळून ७,०००, दोन्हीकडे सात-सात नाही.

पहिली अट म्हणजे कमाई. पगार, बोनस, स्वतःच्या धंद्याचा निव्वळ नफा हे चालतं. व्याज, डिव्हिडंड, घरभाडं, पेन्शन चालत नाही, त्यामुळे भारतातल्या एफडीचं किंवा फ्लॅटच्या भाड्याचं उत्पन्न अमेरिकन रिटर्नमध्ये दाखवत असलात तरी त्याच्या जोरावर आयआरए भरता येत नाही. कमाई मर्यादेपेक्षा कमी असेल तर कमाईइतकंच भरायचं. पीएचडी करणाऱ्यांचा करपात्र स्टायपेंड २०२० पासून कमाईत धरतात. त्याच वर्षापासून ट्रॅडिशनलसाठीची साडेसत्तर वर्षांची वयाची अटही गेली, रॉथला ती कधीच नव्हती.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांत फार कमी जणांना माहीत असते आणि ती माहीत असायलाच हवी. जोडीदार कमवत नसला तरी जॉइंट रिटर्न (नवरा-बायकोचं एकत्र) भरत असाल तर दुसऱ्याच्या कमाईवर त्याच्या नावाने वेगळं आयआरए भरता येतं. एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावर नवरा आणि एच-४ ह्या जोडीदाराच्या व्हिसावर बायको असं न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं घर घ्या: नवऱ्याचा पगार पुरेसा असेल तर २०२५ च्या मर्यादेने दोघांचे मिळून १४,००० जातात, आणि बायकोच्या खात्यातले पैसे पूर्णपणे तिचे, तिच्याच सहीने चालणारे. वर्षानुवर्षं कामाचा परवाना नसलेल्या बाईसाठी ही छोटी गोष्ट नाही. तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसून आयटीआयएन (तो नंबर न मिळणाऱ्यांना आयआरएस देते तो कर क्रमांक) असेल तर काही ब्रोकरेज खातं उघडतात, काही नाही उघडत, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारावं.

आता उत्पन्नाची मर्यादा. रॉथसाठी २०२५ ला एकट्या माणसाचं मॉडिफाइड एजीआय (आयआरएसच्या नियमाने काही फेरफार करून मोजलेलं उत्पन्न) १ लाख ५० हजारापर्यंत असेल तर पूर्ण भरणा, १ लाख ६५ हजारावर शून्य. जॉइंटसाठी हेच २ लाख ३६ हजार ते २ लाख ४६ हजार. मधे असाल तर प्रमाणात. समजा १ लाख ५९ हजार आहे, म्हणजे मर्यादेच्या ९ हजार वर, १५ हजाराच्या पट्ट्यात ते ६० टक्के, म्हणून ७,००० मधले ४,२०० गेले आणि २,८०० भरता येतात. रिटर्न वेगळं भरणाऱ्या नवरा-बायकोला हा पट्टा फक्त शून्य ते १० हजार आहे आणि तो महागाईबरोबर वाढत नाही. अपवाद एकच, वर्षभर एकदाही एकत्र राहिले नसतील तर एकट्याचा पट्टा लागतो, म्हणजे बायको वर्षभर पुण्यातच असेल तर हा अपवाद कामाचा.

ट्रॅडिशनल भरायला उत्पन्नाची मर्यादा नाही, मर्यादा वजावटीला आहे. कंपनीत ४०१(के) ही निवृत्ती योजना असलेल्या एकट्या माणसाला २०२५ ला ७९ हजारानंतर वजावट कमी होत ८९ हजाराला संपायची, जॉइंटमध्ये १ लाख २६ हजार ते १ लाख ४६ हजार. वजावट नाही मिळाली तर फॉर्म ८६०६ भरायचाच, नाहीतर कर भरलेले पैसे कुठले ह्याची नोंद राहत नाही.

ह्यातूनच 'बॅकडोअर रॉथ' निघालं. ट्रॅडिशनलचं रॉथमध्ये रूपांतर करण्यावरची १ लाखाची उत्पन्न मर्यादा २०१० पासून उठली, म्हणून जास्त पगारवाले वजावटीविना ट्रॅडिशनल भरतात आणि ते रॉथमध्ये वळवतात. दोन पायऱ्या एकच धरून आयआरएस हे नाकारेल असं काही कर सल्लागार सांगायचे, पण २०१७ च्या करकायद्याच्या समिती अहवालातल्या तळटिपांनी ही वाट मान्य असल्यासारखंच लिहिलंय, त्यामुळे ती शंका आता फारशी टिकत नाही. २०२१ मध्ये ही वाट बंद करणारं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं पण सिनेटमध्ये अडलं. खरी अडचण प्रमाणाच्या नियमाची आहे. जुन्या ४०१(के) चे ६३,००० ट्रॅडिशनल आयआरएत आणलेले असतील आणि त्यात नवे ७,००० घालून तेवढेच वळवले, तर ७०० वर कर नाही आणि ६,३०० वर लागतो, कारण ३१ डिसेंबरला तुमची सगळी ट्रॅडिशनल आयआरए खाती एकत्र मोजतात.

भरणा पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत चालतो, रिटर्नला मुदतवाढ घेतली तरी ही तारीख हलत नाही. पीपीएफच्या ३१ मार्चच्या सवयीमुळे लोक इथे दोन चुका करतात: डिसेंबर संपला म्हणून सोडून देतात, किंवा फेब्रुवारीत भरताना स्क्रीनवर वर्ष निवडायचं विसरतात. वर्ष सांगितलं नाही तर ज्या वर्षी पैसे पोचले त्याच वर्षाचे धरले जातात.

जास्त भरलं तर जादा रकमेवर दर वर्षी ६ टक्के दंड. वरच्या उदाहरणातल्या माणसाने २,८०० ऐवजी पूर्ण ७,००० भरले तर ४,२०० वर २५२ डॉलर, आणि ते दुरुस्त होईपर्यंत दर वर्षी. रिटर्न वेळेत भरलं असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत जादा रक्कम आणि तिच्यावरची कमाई काढता येते किंवा ती ट्रॅडिशनलमध्ये वळवता येते.

ह्या सवलतीने बचत खरंच वाढते का, हा अर्थशास्त्रज्ञांचा जुना वाद आहे. पोटर्बा, व्हेंटी आणि वाईज म्हणतात की बरीचशी बचत नवी असते, एंगेन, गेल आणि शोल्झ म्हणतात की आधीचेच पैसे जागा बदलतात. १९९६ मध्ये दोन्ही बाजू एकाच नियतकालिकात छापून आल्या. १९८६ नंतर ज्यांचा वजावटीचा हक्क शाबूत होता त्यांनीही भरणा थांबवला, ह्यावरून निदान एवढं दिसतं की नियम जितके गुंतागुंतीचे तितके लोक लांब राहतात.

भारतात परतणाऱ्यांसाठी १९६१ च्या आयकर कायद्यात २०२१ ला कलम ८९अ आलं. तो कायदा ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू होता. त्याखाली अधिसूचित देशांत अमेरिका होती, आणि फॉर्म १०-ईई भरून पर्याय घेतला तर खात्यातल्या वाढीवर दर वर्षी नाही तर तिकडे पैसे काढताना कर लागतो त्याच वर्षी इथेही कर लागायचा. परतल्यावर नवा भरणा मात्र करता येत नाही, जोपर्यंत अमेरिकेत करपात्र धरली जाणारी कमाई हातात नाही.