स्टॅटिक आयपी: बोर्डाचा पत्ता आपणच ठरवताना

ईएसपी३२सारखा छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड वायफायला जोडला की राउटर डीएचसीपीमार्फत (पत्ते आपोआप वाटण्याची पद्धत) त्याला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, देतो. हा पत्ता मुदतीपुरताच असतो. उद्या तो बदलला, तर जुन्या पत्त्यावर तापमानाची नोंद मागणारा संगणक ताटकळत राहतो. म्हणून पत्ता प्रोग्राममध्येच लिहून ठेवायचा. हाच स्टॅटिक आयपी.

पण डीएचसीपी नुसता पत्ता देत नाही. सबनेट मास्क (कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कमधले हे ठरवणारा), गेटवे (बाहेर जाण्याचं दार, बहुधा राउटरच) आणि डीएनएस सर्व्हरही (नावावरून पत्ता सांगणारा) तोच कळवतो. आता हे सगळं आपल्याला भरावं लागतं.

समजा, बोर्डाचा पत्ता १९२.१६८.१.५० आणि मास्क २५५.२५५.२५५.० आहे. समोरच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे (१९२.१६८.१) जुळले, तर बोर्ड त्याला थेट पॅकेट पाठवतो. नाहीतर ते गेटवेकडे सोपवतो. गेटवे चुकला की आपल्या नेटवर्कमध्ये सगळं सुरळीत चालतं, बाहेर मात्र काहीच पोहोचत नाही.

सर्वांत जास्त विसरला जातो तो डीएनएस. बोर्ड पिंगला (‘आहेस का?’ या तपासणीला) उत्तर देतो, त्याचं वेबपेजही उघडतं, पण त्याचं घड्याळ १ जानेवारी १९७० या सुरुवातीच्या तारखेवरच अडकतं. कारण वेळ देणारा सर्व्हर नावाने शोधायचा असतो, आणि नावाचा पत्ता कुणाला विचारायचा हे बोर्डाला ठाऊकच नसतं. असं झालं तर वायफायवर संशय घेण्याआधी डीएनएसची ओळ पाहा.

प्रोग्राममध्ये हे पत्ते लिहिण्याचा क्रमही फसवा आहे. आर्डुइनोच्या इथरनेट लायब्ररीत (केबलने जोडण्यासाठीच्या तयार कोडमध्ये) बोर्डाच्या पत्त्यानंतर डीएनएस, गेटवे, मास्क असा क्रम आहे; ईएसपी३२च्या वायफाय लायब्ररीत गेटवे, मास्क, डीएनएस. एकीकडची ओळ दुसरीकडे चिकटवली तरी कंपायलर (प्रोग्राम तपासून बोर्डासाठी तयार करणारा) हूं की चूं करत नाही, कारण चारही पत्ते त्याच्या लेखी एकाच प्रकारचे. मग गेटवेचा १९२.१६८.१.१ मास्कच्या जागी जाऊन बसू शकतो! शिवाय ही ओळ वायफाय सुरू करण्याच्या ओळीआधीच हवी.

पत्ता निवडताना राउटर स्वतः वाटतो ती रेंज टाळा. नाहीतर तोच पत्ता एखाद्या फोनलाही मिळेल आणि दोघांचंही कनेक्शन तुटत राहील.

बॅटरीवरच्या सेन्सरला मात्र स्टॅटिक आयपी फायद्याचा. गाढ झोपेत ईएसपी३२ची चिप सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, वायफायवर पाठवताना १०० मिलिअँपिअरहून जास्त. दर जागेपणी डीएचसीपीची देवाणघेवाण वाचली, तर बॅटरी नक्कीच जास्त टिकते. सतत वीज मिळणाऱ्या बोर्डासाठी मी राउटरमध्येच त्याच्या मॅक पत्त्यावर (हार्डवेअरचा कायमचा क्रमांक) आयपी राखून ठेवणं पसंत करतो. नेटवर्कमधले पत्ते बदलले तरी प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.