सिस्टर इमॅन्युएल कैरोच्या कचरावस्तीत का गेल्या: त्याच्या मागची गोष्ट

सिस्टर इमॅन्युएलचं नाव निघालं की लोक डायरेक्ट 1971 पासून सुरू करतात, की बासष्ट वर्षांची नन कैरोमधे कचरा उचलणाऱ्यांच्या वस्तीत झोपडी घेऊन राहायला गेली. पण ती वस्ती तिथे आली कशी हे कुणी सांगतच नाही, आणि ते कळल्याशिवाय त्यांचं काम नीट कळत नाही असं मला मनापासून वाटतं.

तर हे झब्बालीन, म्हणजे कैरोचा कचरा उचलणारे लोक, मुळात शेतकरी. 1940 च्या दशकात दक्षिण इजिप्तमधून, असियूतकडच्या गावांतून, गरिबीला कंटाळून कैरोत आले, बहुतेक सगळे कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चचे ख्रिश्चन. शहरात कचऱ्याचे हक्क आधीच 'वाहिया' लोकांकडे होते, ते ओसाड वाळवंटातल्या हिरवळीच्या गावांतून आलेले, मग यांनी त्यांच्याकडून काम घेतलं. गाढवगाडीवर घरोघरचा कचरा आणायचा, ओलं डुकरांना घालायचं, बाकीचं निवडून विकायचं. मुस्लिम शहरात डुकरं पाळणार कोण, म्हणून हा धंदा यांच्याच वाट्याला आला आणि घाणही यांच्याच दारात आली. ना पाणी ना वीज, वरून हाकलून लावणं ठरलेलं, आज इथे तर उद्या तिथे.

सिस्टर मूळच्या ब्रसेल्सच्या, जन्म 1908, पाळण्यातलं नाव मॅडलीन. सहा वर्षांच्या असताना वडील डोळ्यांदेखत समुद्रात बुडाले. पुढे नोत्र दाम द सिओन या कॅथलिक नन्सच्या संघात गेल्या आणि इस्तंबूल, ट्युनिस, अलेक्झांड्रिया इथे कितीतरी वर्षं शिकवलं, तेही बऱ्याचदा चांगल्या घरच्या मुलींना. गरिबांमधे राहायची ओढ जुनीच होती, पण त्या काळी ननने कॉन्व्हेंट सोडून झोपडपट्टीत एकटं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मोठ्या सभेनंतर, संघांचे नियम सैल झाले, मग रिटायर व्हायच्या वयात त्या एझबत अल नख्ल या कैरोतल्या कचरावस्तीत गेल्या.

तिथे बालवाडी, अक्षरओळख, दवाखाना असं एकेक उभं राहिलं. मला सगळ्यात भावतं ते हे की वस्ती ऑर्थोडॉक्स आणि त्या कॅथलिक, तरी कुणाला आपल्या चर्चमधे ओढायचं नव्हतं, उलट सिस्टर सारा नावाच्या कॉप्टिक ननला सोबत घेतलं आणि काम पुढे त्यांच्याच हाती दिलं. 1982 मधे कैरोतल्याच मोकत्तमच्या डोंगराखालच्या झब्बालीन वस्तीत गेल्या, तिथे डुकरांच्या घाणीपासून खत करायचा कारखानाही निघाला.

1993 मधे त्या फ्रान्सला परतल्या आणि ऑक्टोबर 2008 मधे, शंभरी महिन्याभरावर असताना, वारल्या. दुसऱ्याच वर्षी स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने देशातली जवळपास 3 लाख डुकरं मारून टाकली, झब्बालीनांचं पोट ज्यावर चालायचं तेच गेलं, आणि ओला कचरा खाणारं कुणी उरलं नाही म्हणून कैरोचे रस्ते त्याने भरून गेले.