चुकांवरून पुस्तकाची वंशावळ

छापील पुस्तकाची कुठलीही प्रत घ्या, आतला मजकूर तोच असणार, असं आपण धरून चालतो. टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ची १९३७ची पहिली आणि १९५१ची दुसरी आवृत्ती शेजारी ठेवून पाचवं प्रकरण वाचा. पहिलीत गुहेत राहणारा गॉलम कथेचा नायक बिल्बोला कोड्यांच्या पैजेवर अंगठी भेट द्यायला कबूल होतो. ती सापडत नाही म्हटल्यावर माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. दुसरीत तोच गॉलम त्याच्या जिवावर उठतो. हा बदल खुद्द लेखकाचा. मला मात्र ओढ आहे ती कुणीही ठरवून न केलेल्या बदलांची.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड १९५४ मध्ये आला. छपाई झाल्यावर जुळवलेले अक्षरांचे खिळे सुटे करून टाकले गेले. त्याच वर्षी पुन्हा प्रती लागल्या, तेव्हा छापखान्याने लेखकाला न कळवता सगळा मजकूर नव्याने जुळवला आणि त्यात नव्या चुका शिरल्या. अशा प्रतीवरून पुढची प्रत निघाली, की त्या चुकाही तिच्यात उतरतात. डीएनएची नक्कल होताना झालेला बदल पुढच्या पिढीत जातो, तसंच हे.

इथेच पाठचिकित्सेची, म्हणजे प्रती ताडून मूळ मजकूर शोधण्याच्या शास्त्राची, खरी गंमत आहे. दोन प्रतींत बरोबर मजकूर सारखा असेल, तर त्यावरून नातं कळत नाही. बरोबर मजकूर मूळ प्रतीतून कुणाकडेही येऊ शकतो. चूक सारखी असेल, तर मात्र दोघींची आई एक असण्याचा संभव मोठा.

पण प्रत्येक चूक साक्षीला चालत नाही. टोल्किन ‘ड्वार्फ’ (बुटका) या शब्दाचं अनेकवचन ‘ड्वार्व्ह्ज’ करत. छापखान्याने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रुफांत ते ‘ड्वार्फ्स’ केलं. पुढे १९६१ मध्ये ‘हॉबिट’च्या मुलांसाठीच्या पेपरबॅक आवृत्तीत, अगदी वेगळ्या हातांनी, पुन्हा तेच झालं. ‘नॅस्टर्शन्स’ या फुलांचंही तसंच: जुळाऱ्याने (खिळे जुळवणाऱ्याने) ‘नॅस्टर्शियम्स’ केलं. टोल्किननी कॉलेजच्या माळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, नॅस्टर्शियम म्हणजे वॉटरक्रेस, ती पाण्यातली पालेभाजी! वनस्पतिशास्त्रात नॅस्टर्शियम ही प्रजाती खरोखरच वॉटरक्रेसची आहे. बागेतलं फूल ट्रोपिओलम. पण शब्दकोश जवळ बाळगणारा कुठलाही जुळारी हीच ‘दुरुस्ती’ करील, म्हणून अशा सारख्या चुकीवरून नातं ठरत नाही. शार्क आणि डॉल्फिन यांचा आकार सारखा, म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

कामाची चूक वेगळीच असते. समजा, ‘तो मागे वळला’चं एका प्रतीत ‘तो मागे पडला’ झालं. वाक्य अर्थपूर्ण राहिलं, त्यामुळे पुढचा मुद्रितशोधक ते सुधारणार नाही. आणि दोन माणसं स्वतंत्रपणे नेमकी हीच चूक करतील, हेही अवघड. अशा डझनभर चुका जमवल्या की प्रतींच्या वंशवृक्षाच्या फांद्या दिसू लागतात. एखाद्या संपादकाने दोन वेगळ्या प्रती समोर ठेवून मजकूर जुळवला असेल, तर फांद्या एकमेकींत गुंततात. मग झाडाऐवजी जाळं काढावं लागतं, जसं जीवाणू आपापसांत जनुकं देतात-घेतात तेव्हा.

जाता जाता एक. जाडजूड ग्रंथांत दर अमुकावं अक्षर मोजून गुप्त भाकितं काढणारे लोक असतात. एका अक्षराची भर पडली, की पुढची सगळी मोजणी सरकते. आधी कुठली आवृत्ती, कितवं मुद्रण, एवढं त्यांनी सांगावं.

१९९८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात, प्राण्यांची वंशावळ काढणाऱ्या संगणकीय पद्धती चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका भागाच्या पंधराव्या शतकातल्या ५८ हस्तलिखितांना लावल्या. झाडाच्या मुळाशी स्वच्छ लिहून काढलेली पक्की प्रत नसावी, असा संशोधकांचा निष्कर्ष निघाला. तिथे होता कच्चा खर्डा: काय गाळायचं, काय घालायचं, याच्या चॉसरच्या स्वतःच्या खुणांसकट.