मेमरी कार्डाने लॅपटॉप वेगवान होतो, या समजुतीची पार्श्वभूमी

लॅपटॉप मंदावला की त्याच्या कडेच्या खाचेत एखादे मेमरी कार्ड बसवावे, म्हणजे जागाही वाढेल आणि वेगही, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. त्यातला जागेचा भाग खरा आहे. वेगाचा भाग मात्र एका काळापुरता आणि त्या काळच्या यंत्रांपुरताच खरा होता. तो काळ सरला, सल्ला तेवढा मागे उरला.

गोंधळाचे मूळ काही अंशी शब्दातच आहे. संगणकाच्या परिभाषेत मेमरी म्हणजे प्रामुख्याने रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती प्रोसेसरच्या हाताशी ठेवणारी आणि वीज जाताच कोरी होणारी स्मृती. कार्डातली मेमरी ही त्याउलट साठवण आहे. वीज नसतानाही ती टिकते, पण रॅमच्या मानाने ती फारच संथ असते. अर्थात, साठवणीने रॅमला हातभार लावावा ही कल्पना चुकीची नाही, आणि नवीही नाही. रॅम अपुरी पडली की तिच्यातला सध्या न लागणारा मजकूर साठवणीत हलवायचा आणि लागेल तेव्हा परत आणायचा, ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठात घडलेल्या ॲटलस संगणकात १९६२ सालीच वापरली गेली होती. तेथे साठवणीचे काम फिरते चुंबकीय पिंप करत असे. पुढे हार्ड डिस्कने ती जागा घेतली आणि आभासी मेमरी या नावाने ही युक्ती प्रत्येक संगणकातली नित्याची बाब झाली.

कार्डाचा गाभा असलेली फ्लॅश मेमरी जपानमधल्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची. तिचे पहिले रूप त्यांनी १९८४ साली मांडले, आणि आजच्या कार्डांत असणारे नँड हे रूप १९८७ साली पुढे आले. क्षणात पुसली जाणारी ही मेमरी कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण करून देते, म्हणून एका सहकाऱ्याने तिला हे नाव सुचवले. १९९४ साली कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आले. १९९९ साली पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्डाची घोषणा केली. ही कार्डे मुख्यतः कॅमेरे आणि संगीतयंत्रांसारख्या उपकरणांसाठी होती. लॅपटॉपला दिलेली खाच छायाचित्रे उतरवून घेण्याच्या सोयीसाठी होती, कायमची साठवण तेथे ठेवावी या हेतूने नव्हे. त्यामुळे अनेक लॅपटॉपांत ती खाच आतून साध्या यूएसबी मार्गाला जोडलेली असते.

वेगाची समजूत जन्मली ती विंडोज व्हिस्टाच्या वेळी. जानेवारी २००७ मध्ये ही प्रणाली सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तिची रॅमची भूक मोठी होती आणि किमान अट मात्र ५१२ मेगाबाइटची, म्हणजे कितीतरी यंत्रे पहिल्या दिवसापासूनच धापा टाकणार हे ठरलेले होते. याच प्रणालीत मायक्रोसॉफ्टने रेडीबूस्ट नावाची सोय दिली. यूएसबी पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड जोडले, की विंडोज त्यावर वारंवार लागणाऱ्या माहितीची एक प्रत ठेवत असे आणि योग्य वेळी डिस्कऐवजी तेथून वाचत असे.

हे का साधत असे, ते हार्ड डिस्कच्या घडणीत दडलेले आहे. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो, आणि शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ वेगळाच. परिणामी डिस्कभर विखुरलेले लहान तुकडे सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. फ्लॅशमध्ये हलणारा भागच नसल्याने ही प्रतीक्षा नसते. रेडीबूस्टसाठी उपकरणाने ४ किलोबाइटचे विखुरलेले तुकडे सेकंदाला किमान २.५ मेगाबाइट या दराने वाचले पाहिजेत अशी अट होती. म्हणजे सेकंदाला सहाशेहून अधिक तुकडे. सलग मोठी फाइल वाचण्यात मात्र त्या काळची डिस्क कार्डाला सहज मागे टाकत असे, म्हणून विंडोज तशी कामे डिस्ककडेच सोपवत असे. कार्ड अचानक काढले तरी काही बिघडू नये म्हणून प्रत्येक गोष्टीची मूळ प्रत डिस्कवर असे, आणि ते कोणाच्या हाती पडले तरी वाचता येऊ नये म्हणून त्यावरचा मजकूर सांकेतिक रूपात ठेवला जाई. योजना विचारपूर्वक आखलेली होती, हे मान्य करायला हवे.

तरीही ती रॅमची जागा घेत नव्हती. लाभ दिसायचा तो रॅम तुटपुंजी असलेल्या यंत्रांवर. रॅम वाढवली की तो विरून जाई. विंडोज ७ ने आठ उपकरणे मिळून २५६ गिगाबाइटपर्यंत मुभा दिली खरी, पण तोवर लॅपटॉपांत हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली साठवण, येऊ लागली होती. एसएसडी स्वतःच फ्लॅशची, तीही अनेक चिप्सवर एकाच वेळी काम करणारी. तिच्यापुढे कार्डाची मध्यस्थी म्हणजे उलट खोळंबाच. मुख्य डिस्क पुरेशी वेगवान आहे असे दिसताच विंडोज ७ रेडीबूस्ट बंदच ठेवत असे.

याच सुमारास कार्डाची दुसरी, अधिक प्रामाणिक गरज उभी राहिली. २००७ सालच्या आसुस ई पीसीच्या एका प्रसिद्ध नमुन्यात अवघी ४ गिगाबाइट साठवण होती आणि सोबत एसडी कार्डाची खाच. पुढच्या दशकात ३२ गिगाबाइटची, बोर्डावरच जडवलेली साठवण असलेले स्वस्त लॅपटॉप आले. ती बदलता येत नसे आणि विंडोजची मोठी अद्ययावत आवृत्ती उतरवण्यापुरती जागाही तिच्यात राहत नसे. येथे कार्ड अप्रत्यक्षपणे वेगालाही उपयोगी पडते. फ्लॅशमधली जुनी माहिती लहान तुकड्यांत नव्हे, तर मोठ्या ठोकळ्यांनीच पुसता येते. मोकळे ठोकळे संपत आले की प्रत्येक लेखनापूर्वी साठवण सांभाळणाऱ्या चिपला, म्हणजे नियंत्रकाला, माहितीची हलवाहलव करावी लागते आणि यंत्र रेंगाळते. छायाचित्रे, चित्रफिती, जुने दस्तऐवज कार्डावर हलवून मुख्य साठवण मोकळी केली तर हा ताण उतरतो. वेग आलाच तर तो कार्डामुळे नव्हे, रिकाम्या झालेल्या जागेमुळे.

प्रोग्रॅमच कार्डावर बसवण्याची गोष्ट वेगळी. कार्डावर छापलेला मोठा आकडा सलग वाचनाचा असतो, आणि प्रोग्रॅमना लागते ते विखुरलेले वाचन-लेखन. ही उणीव ओळखून २०१६ साली एसडी मानकात ए१ हा दर्जा आला: सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचने आणि ५०० लेखने. जुन्या तबकडीच्या तुलनेत हे उत्तम. पण एनव्हीएमई या वेगवान मार्गाने जोडलेल्या आजच्या एसएसडीचे असे आकडे लाखांत मोजले जातात. २०१८ साली जाहीर झालेल्या एसडी एक्सप्रेस मानकाने तोच एनव्हीएमई मार्ग कार्डापर्यंत आणला आणि सेकंदाला ९८५ मेगाबाइटची मर्यादा खुली केली. मात्र असे कार्ड जुन्या खाचेत घातले, तर ते त्या खाचेच्याच वेगाने चालते.